किडनी दिली, पण दंड नाही

(तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार साखळीपुरतंच उघडलं आहे. आत थोरली बहीण, बाहेर जिन्यात धाकटा भाऊ.)

ताई : पाय मागे घे. साखळी मी काढणार नाहीये.

धाकटा : अगं, आईला बघतो आणि निघतो. सर्दी आहे नुसती.

ताई : नुसती! साथ ऐन भरात असताना तुला तेवढी नुसती सर्दी झाली. विषाणूने आधी तुझी ओळख विचारली असेल. म्हणाला असेल, अरे बापरे, हे साहेब! यांना नको.

धाकटा : झाली मास्तरीण सुरू.

ताई : व्हावंच लागतं. माझ्या सहावीच्या पोरांना एका तासात कळतं ते तुझ्या डोक्यात अजून शिरत नाही. लस घेतलीस?

धाकटा : मला गरज नाही. मागच्या वर्षी हाच आजार होऊन गेलाय मला. ताकद आलीय अंगात.

ताई : आली होती. ती ओसरते. आणि तो विषाणू तुझ्यासारखा वर्षभर एकाच शर्टात हिंडत नाही. रूप बदलून येतो.

धाकटा : मग लस घेतलेल्यांना का होतो? आमच्या लिफ्टच्या कंपनीतच दोघांना झाला.

ताई : झाला ना? कुठायत ते आता?

धाकटा : ...आलेत कामावर.

ताई : आणि तुमचा फोरमन? 'लस म्हणजे धंदा' म्हणत फिरायचा तो?

धाकटा : त्याचा विषय नको.

ताई : का? अजून ऑक्सिजनवर आहे म्हणून? अरे शहाण्या, लस म्हणजे काही जादू नाही. अंगातल्या पहारेकऱ्यांना चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवायचा, एवढंच. चोर शिरतो कधीकधी, पण घर धुऊन नेत नाही. आणि लवकर हाकलला गेला, तर शेजाऱ्याकडे घुसायलाही त्याला कमी वेळ मिळतो.

धाकटा : मग आईने घेतलीय की! तिचे पहारेकरी आहेत ना जागे? माझी कसली भीती तिला?

ताई : तिचे झोपलेत. आपणच झोपवलेत, रोज गोळ्या देऊन.

धाकटा : म्हणजे?

ताई : म्हणजे काय म्हणजे! तुझी किडनी तिच्या पोटात आहे. तिच्या शरीराला ती परकीच. पहारेकरी जागे राहिले तर आधी त्या किडनीवरच तुटून पडतील. म्हणून त्यांना गुंगी. आता गुंगीतल्या माणसाला फोटो दाखवून काय उपयोग? रक्त तपासलं, लसीचा मागमूस नाही. डॉक्टर म्हणाले, हिच्या आसपासच्यांनी लस घ्या, तीच हिची भिंत. हे सगळं तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, 'बघू.'

धाकटा : किडनी मी दिलीय, ताई. तू नाही. आणि मलाच दारात उभं करतेस?

ताई : आलं! वाटच बघत होते. इतकी वर्षं त्या एका किडनीवर मिरवतोयस. आईला तपासणीला न्यायचं असलं की साहेब मोकळे, किडनी दिलीय ना! पोट फाडून घेणारा शूर माणूस, आणि एक सुई म्हटली की शेपूट घालतो. रोज लिफ्टच्या बोगद्यात दोरीला लोंबकळतोस, लाज नाही वाटत?

धाकटा : लाज नाही, भीती वाटते.

ताई : काय?

धाकटा : भीती वाटते म्हटलं. ऑपरेशननंतर माझी जखम चिघळली होती. ताप उतरेना, दोन्ही हात सुयांनी काळेनिळे. तुम्ही सगळे आईच्या आयसीयूच्या काचेपाशी. माझ्याकडे कोणी आलंच तर तेही आईचीच बातमी सांगायला. आता माझी एकच किडनी उरलीय. तिला काही झालं तर मला कोण देणार? तू?

ताई : ...म्हणून ते 'लस म्हणजे कट' वाले व्हिडिओ घराघरांत पाठवत होतास?

धाकटा : घाबरलोय म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

ताई : काय पण मर्द! स्वतःची भीती झाकायला मावशीला घाबरवून सोडलंस. तुझं ऐकून तिनेही अजून घेतली नाही.

आई : (आतून) किती वेळ चाललंय तुमचं?

ताई : आई, इकडे येऊ नकोस. मास्क लाव.

आई : लावलाय. माझ्या शरीराचं व्याख्यान ऐकलं मी सगळं. छान शिकवतेस. हा तापाने फणफणला होता तेव्हा त्याच्या खाटेपाशी किती वेळा बसलीस, तेवढं राहिलं सांगायचं.

ताई : तुझ्याजवळ कोणीतरी हवं होतं ना...

आई : माझ्याजवळ अख्खं खानदान होतं, काचेला नाक लावून. मला त्याचं काय? मी शुद्धीत तरी होते का?

धाकटा : जाऊ दे, आई.

आई : तू गप्प बस. तुझंही कौतुक पुरे झालं. एक अवयव देऊन आई विकत मिळाली असं वाटतं का तुला? तू दिलेलं टिकावं म्हणून मी रोज मूठभर गोळ्या गिळते. हात थरथरतात, कप धरवत नाही. आणि तू खोकत येतोस, वर तोऱ्यात बोलतोस.

धाकटा : चुकलं.

आई : मला नको सांगू. दंड पुढे कर, म्हणजे झालं.

ताई : आधी तपासणी करून घे. बरा झालास की आमच्या शाळेत ये, तिथे लस देताहेत. एक किडनी असली तरी चालते. विचारून ठेवलंय मी.

धाकटा : कधी विचारलंस?

ताई : तू 'बघू' म्हणालास त्याच दिवशी.

धाकटा : ...तू थांबशील तिथे?

ताई : थांबेन. हातही धरेन. पण किंचाळलास तर सहावीच्या वर्गापुढे नेऊन उभा करीन. आणि मावशीला फोन तूच करायचास. 'मी घाबरलो होतो', एवढंच सांग. भाषण नको.

धाकटा : करतो. मग लस घेतली की लगेच आईला...

ताई : लगेच नाही. शरीराला शिकायला वेळ लागतो, तुझ्या तर जरा जास्तच. आणि नंतरही मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून, लांब बसायचं.

धाकटा : बरं. येतो मी.

आई : थांब. खाली उतरलास की समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहा.

धाकटा : कशाला?

आई : मी गॅलरीत येते. तिथून अख्खा दिसतोस.