गडचिरोली ते मक्का, मूलमार्गे

नाई साहेब, मोटारीची काळजी तुमी करूच नका – येते, यायचीच आहे – मिरग लागून आठ दिवस झाले तरी नदीत पाणी नाई, रेतीत फसली असन, लोकं उतरून ढकलून राह्यले असन. तुमी बसा. त्या बाकावर नका बसू, त्याचा पाय हालते, इकडं या, माह्या टेबलाजवळ. तुमची मूलची छोटी रेलगाडी काई चुकत नाई. बारा वर्षं झाले मी तिकिटं फाडून राह्यलो, आधी सिरोंच्याच्या स्टँडवर, मंग इथी गडचिरोलीत, अन् माह्या हातचा पासिंजर पुढची गाडी चुकला असं एकदाच झालं, तेही त्याच्या बायकोचं लुगडं दारात अटकलं म्हणून. कोणालेबी विचारा, वहाबभाई बुकिंगवाला कोण. मुखरू पाटील काशीले जाऊन आला, त्याले कागद कोणी लिवून देल्ला? मी देल्ला. कुठी उतरायचं, कुठी गाडी बदलायची, कोणत्या टेशनावरचं पाणी चांगलं, सारं. अन् मी सोता नागपूरच्या पुढं पाय ठेवला नाई! हासा, हासा, माही बायकोबी हासते.

तं हा कागद, साहेब. तुमी सर्व्हेवाले, नकाशे काढता, एक डाव नजर घाला. मी विचारणार नव्हतो, पण मोटार येईस्तोवर तुमालेबी काई काम नाई. हे पाहा, वरून चालू होते – गडचिरोली ते मूल, मोटार. मूलवरून छोटी गाडी, चांदा फोर्ट. तिथी उतरलं की टांगा करून मोठ्या टेशनावर, हे मी लाल शाईनं लिवलं, कारण तिथीच लोकं फसते, त्याईले वाटते चांद्यात एकच टेशन आहे. मंग वर्धा. वर्ध्याले मेल, मेलनं मुंबई. मुंबईत मुसाफिरखाना, चार दिवस – हैज्याची सुई, देवीची सुई, पास, तिकिटावर शिक्का. अन् मंग जहाज. जहाजाचे दहा दिवस. जिद्दा. जिद्द्यावरून लॉरी, मक्का. होय साहेब, मक्का. हजले. माही बायको खातून चालली, अन् तिचा भाऊ कय्यूम, धानोऱ्याले लाखेचा धंदा आहे त्याचा. बाईमाणसाले एकटीनं जाता येत नाई आमच्यात, नवरा पायजे नाई तं भाऊ. परवाच्या मोटारीनं निघते दोघं. पुढच्या दोन सीटा मी धरून ठेवल्या.

मी? मी नाई चाललो. पैसे एकाचेच जमले. नाई, त्याचं दुःख नाई – कोणीतरी स्टँड पाह्यले पायजे ना. मी गेलो तं मालक दुसऱ्याले बसवते इथी.

गोष्ट अशी आहे की कय्यूमभाई थांबाले तयार नाई. दुकानाले कुलूप लावून चालला, तं म्हणते दोन महिन्याच्या वर एक दिवस नाई, वापसीच्या पयल्या जहाजानं घरी. त्याचंबी खरं आहे. पण त्या दोन महिन्यात मले काय काय बसवायचं आहे पाहा. हज यंदा जुलैच्या आखरीले येते – आमचं चांदावर असते, दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकते. त्याच्याआधी मदिना, तिथी आठ दिवस पायजेच, खातून म्हणते मदिना नाई तं मी जातच नाई. मंग हजचे पाच-सहा दिवस, त्यात कोणाचं काई चालत नाई, सारे मैदानात तंबूत. मंग मक्क्याले वापस, अन् लगेच जिद्द्याले जहाज धरायले. मी सारं पुढं-मागं करून पाह्यलं, साहेब. मदिना मागं टाकला तं पयलं जहाज चुकते. मुंबईचे दिवस कमी केले तं सुया राह्यते. कसंबी बसवलं तरी आखरीले मक्क्याचे चारच दिवस मोकळे निंगते. चार. हे पाहा, मी त्याच्याभोवती गोल केला.

त्या चार दिवसाचं काय आहे म्हणता? काई नाई. असंच. आराम कराले.

बरं सांगतो. तुमी आज चालले नागपूरले, पुन्हा इकडं कायले येता. मले एक लेक आहे, रशिदा. कराचीले राह्यते. हळू बोलतो, कारण ह्या गावात कराची म्हटलं की लोकं एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यते. सात वर्षं झाले तिले जाऊन. खातूननं सात वर्षांत लेकीचं तोंड पाह्यलं नाई, नातू सहा वर्षाचा झाला त्यालेबी पाह्यलं नाई. इकडून तिकडं जायचं तं पासपोर्ट, व्हिसा, साहेबाच्या सह्या – आमच्यासारख्याचं काम नाई ते. तवा माह्या डोक्यात आलं – कराचीवरूनबी हजचं जहाज जाते की! तिकडून ते इथी येऊ शकत नाई, इकडून हे तिथी जाऊ शकत नाई, पण मक्क्याले दोघीबी जाऊ शकते. आहे का नाई? दोन साल झाले मी यावर बसून राह्यलो. रशिदाले लिवलं, तिच्या नवऱ्यानं हो म्हटलं, तिचं जहाज हजच्या तोंडावर पोचते, हजनंतर ते लोक मदिन्याले जाते. म्हणजे आधी भेट नाई, हजच्या गर्दीत भेट नाई, अन् मंग – ते चार दिवस. आता समजलं गोल काऊन केला?

भेटायची जागाबी मी ठरवून देल्ली. ते पक्कं आहे. आमच्या इथी, साहेब, ते चिंचेचं झाड पाह्यलं का, स्टँडच्या मागं? बाजाराच्या दिवशी चार-पाच हजार माणूस येते, माडिया येते जंगलातून, लेकरं हारपते, म्हातारे हारपते. तं रिवाज असा आहे की जो हारपला त्यानं चिंचेखाली येऊन उभं राह्यचं, अन् जो शोधते त्यानंबी चिंचेखालीच यायचं. इकडं-तिकडं फिरायचं नाई. आजवर एक माणूस हारपला नाई इथून. तं मी रशिदाले लिवलं – मक्क्यात मस्जिदीच्या आंगणात जमजमची विहीर आहे, सारे तिथी पाण्याले येतेच, तुही माय रोज असरच्या नमाजनंतर, म्हणजे दुपार कलली की, विहिरीवर उभी राह्यते. तू ये. चार दिवस, रोज. कोणत्या तरी दिवशी भेट होतेच. नाई का?

काऊन? असे काऊन पाहून राह्यले? … किती लोकं म्हणता? … नाई, तुमी पेपरात वाचलं असन, पण पेपरवाले वाढवून लिवते. मार्कंड्याच्या जत्रेएवढे असन. लय तं चांद्याच्या महाकालीच्या जत्रेएवढे. … लाख? लाखाच्या वर – दोन? … एका आंगणात?

थांबा. थांबा जरा. दोन लाख माणूस अन् एक विहीर.

अन् खातूनले तं बाजारातबी घाबरल्यासारखं होते हो. ती मनकर्णाबाईचा हात धरून जाते बाजारात, शेजारीण आहे आमची, कोष्ट्याची. तिथी तिले ढकलून देईन लोक. अन् रशिदा गेली तवा सतरा वर्षाची होती, काडीसारखी, आता दोन लेकराची माय – समोरून गेली तरी ओळखू येईन का? कय्यूमभाईनं तं तिले लहानपणी पाह्यलेलं. मी राह्यलो असतो तं मी ओळखलं असतं, तिच्या चालण्यावरून, डावा पाय जरासा फेकते ती. मी हे कागदात लिवलंच नाई. सारं लिवलं, टांग्याचं भाडं लिवलं, अन् हे लिवलं नाई. मी चिंचेचं झाड धरून बसलो, साहेब. मले वाटलं विहीर म्हणजे विहीर, आपल्यासारखी, पाच-दहा बाया उभ्या असन बादल्या घेऊन.

चिठ्ठी? चिठ्ठी जाऊन दीड महिना झाला. आता दुसरी टाकली तं वीस दिवस, कधी महिना, अन् कधी पोचतच नाई. तिचं जहाज त्याच्याआधी सुटून जाईन.

नाई, तिले राग येईन असं नाई, ती मायवर कधी रागावत नाई. माह्यावर आहे राग. बरोबर आहे तिचं. हे पाहा, मी तुमाले म्हटलं पैसे एकाचेच जमले – ते खोटं नाई. पण कय्यूमभाई म्हणत होता, मी देतो उसने, चल तूबी. मी नाई म्हटलं. मी विहिरीवर उभा दिसलो तं ती दुरूनच वापस गेली असती, अन् माह्यापायी खातूनचीबी भेट गेली असती.

अठ्ठेचाळीस साल, मी सिरोंच्याले होतो. नदीच्या तिकडं निजामाचं राज, रशिदा तिकडं देल्लेली. तिकडं गडबड झाली तवा नवरा-बायको डोंग्यानं इकडं आले, भर दुपारी, एक पेटी अन् एक कोंबडी घेऊन, तिनं कोंबडी काऊन आणली मले आजवर समजलं नाई. जावई म्हणे आम्ही कराचीले जातो. अन् रशिदा मले बाजूले घेऊन म्हणे, ‘अब्बा, मुझे नक्को भेजो. इनों जाने दो, मैं यहींच रहती.’ पोटुशी होती ती. तीन डाव म्हणाली. अन् मी – आता तुमी म्हणाल बापानं काय केलं – मले मालक म्हणाला होता, वहाब, तिकडचे लोकं घरात ठेवशीन तं पोलीस माह्या स्टँडवर येईन. एवढंच म्हणाला होता, जास्ती काई नाई. अन् मी भेलो. लेकीले काय सांगतलं? बायकोनं नवऱ्यासंगं जावं. म्हटलं, असाच कायदा आहे. अन् मी इथी बसतो तसा टेबलावर बसलो अन् दोन तिकिटं फाडली. पुढची सीट देल्ली, डायव्हरच्या बाजूची, पोटुशी आहे, धक्के लागू नये म्हणून. अन् कागद लिवून देल्ला – बल्लारशा, वर्धा, मुंबई, बंदर, कराची. इतका चांगला कागद मी कोणालेच लिवून देल्ला नव्हता, साहेब. खातून घरी सैपाक करून राह्यली होती, लेकीसाठी. ती आली तवा मोटार गेली होती. तिले मी सांगतलं, रशिदाच थांबली नाई. आजबी तिले तेच माहीत आहे.

चिठ्ठ्या सार्‍या खातूनच्या नावानं जाते, ते विहिरीवालीबी. तिले लिवता येत नाई, मी लिवतो, ती सांगते. रशिदा ‘प्यारी अम्मी’ लिवते अन् मी वाचून दाखवतो. एकदा मी माह्या मनानं खाली एक ओळ टाकली, तुझे अब्बाभी याद करते. वर्षभर जवाब आला नाई. वर्षभर खातून रोज डाकेची वाट पाहे, मले विचारे, तिले काई झालं तं नसन? मी काय सांगू तिले? मंग मी ते पुन्हा लिवलं नाई, अन् महिन्यात चिठ्ठी आली.

हे घ्या, आवाज ऐकला? मोटार आली पाहा, चिंचेपाशी. थांबते ती, इंजिनात पाणी टाकते, पाच-सात मिनिटं लागते. ए हमाल, पोचू, साहेबाची पेटी वर टाक रे! साहेब – एक काम करान काय? नागपूरले पोचल्यावर तार टाकान कराचीले? इथल्या तारबाबूले सांगीन तं सांजपर्यंत गावभर होते. हे पैसे घ्या, नाई नाई, घ्या. हा पत्ता. इंग्रजीत लिवा तुमीच. आत्ता लिवा, माह्यासमोर. काय म्हणजे – हा, मुअल्लिम! तिथी प्रत्येक हाजीले एक मुअल्लिम असते, आपल्यासारखा बुकिंगवालाच समजा, राह्यची जागा तोच देते. ह्याईचा कोण ते कय्यूमभाईच्या पासावर आहे, मी कागदावर मागं उतरवून घेतलं, पाहा – अब्दुस्समद. तं लिवा, विहिरीवर येऊ नको. मुअल्लिम अब्दुस्समदचं घर विचार. अम्मी हजनंतर चार दिवस तिथीच बसून राह्यते. कुठी जात नाई. ‘कुठी जात नाई’ हे लिवा बरं, शब्द वाढले तरी चालते. तिले घर सापडन का, साहेब? अनोळखी मुलखात, अरबी बोलणारे लोक – सापडन ना? झालं लिवून?

दाखवा. मले इंग्रजी येत नाई, पण टेशनाची नावं वाचतो मी तिकिटावरची, अक्षरं समजते. हे अम्मी. हे चार. हे अब्दुस्समद. अन् हे आखरीले काय लिवलं? हे तं – डब्लू, ए, एच… हे माहं नाव होय. मी सांगतलं होतं काय? खोडा. नाई, तुमचं मन चांगलं आहे, मले समजते, पण खोडा ते, साहेब. तसं नाई, वरून रेघ मारली तरी खालचं वाचता येते, तारबाबू टाकून देईन चुकून. पुरं गिरवा. काळं करा. आणखी. हां.

आता जा. पुढची सीट आहे तुमची.