कितव्या वर्षी लागली

कॅम्प तीन भागातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी चामटोली गावच्या सासू-सुना, राजाबाई आणि श्रद्धा, बसल्या होत्या. राजाबाईंचा मुलगा सुजित आत रक्त द्यायला गेला होता. श्रद्धाच्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद होता.

"आई, घरात कोणाकोणाला साखर होती आणि कितव्या वर्षी लागली, ते लिहायचंय."

"कशाला? आजारी तर सुजित आहे."

"यांची साखर घराण्यातून आली असेल, असं डॉक्टर म्हणतात. मग तुमच्या नातीला, आर्यालाही तपासावं लागेल."

"कोणाला नव्हती, असं लिही."

"यांचे वडील, नाना, कशाने गेले?"

"कावीळ झालेली, सांगितलंय ना तुला."

"काविळीत पाय कापत नाहीत, आई."

"साखरच होती. त्यांना आणि थोरल्या दिरांनाही. मुलगी कोण देणार, म्हणून झाकलं."

"आणि हळदीकुंकवाला चार बायकांसमोर म्हणालात, सुनेनं गोड खायला घालून पोराला आजारी पाडलं."

"म्हणाले."

"तेव्हापासून मी माझ्या चहातही साखर घालत नाही."

राजाबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पेन काढ. मी सांगते तसं लिही."

"आधी नानांचं सांगा."

"आधी सुजितचं लिही. बावीस."

"अठ्ठावीस, आई. मागच्या दिवाळीत तर कळलं."

"तुला कळलं. त्याला बाविसाव्या वर्षीच लागली. तुमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी."

"यांना माहीत होतं?"

"तू आकडा लिही, बाय."

सुजित दंडावर कापूस दाबत बाहेर आला.

"झालं लिहून?"

"झालं. तुमचं बावीस लिहिलंय."

तो आईकडे वळला. "तू सांगितलंस?"