साहेब येणार म्हणून

प्लॉट मंजुरीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचा गवंडी भाऊ उभे होते.

"साहेबांनी नामंजूर का केलं, ते तरी सांगशील?"

"आपल्या जमिनीत सांडपाणी मुरत नाही म्हणे."

"आपल्या? अरे, पाय रुततो इतकं भुसभुशीत रान ते. चाचणीचा खड्डा खणला होतास ना?"

"खणला की. त्यांनी पाणी ओतलं आणि बघत बसले. थेंबभर कमी झालं नाही."

"असं कसं होईल?"

"ताई, साहेब येणार म्हटल्यावर खड्डा ओबडधोबड कसा ठेवायचा? आतून प्लास्टर केलं."

"प्लास्टर."

"वरून घोटून गुळगुळीत."

"अरे शहाण्या, पाणी मुरतंय का ते बघायला आले होते ते."

"मला काय माहीत? एवढं वाकून बघत होते, मला वाटलं काम आवडलं."

"आता तिघा भावंडांपैकी एकालाही घर बांधता यायचं नाही."

"पाण्याची टाकी म्हणून लगेच मंजूर करतो म्हणाले."

"गप्प बस. मी फेरतपासणी मागतेय. नवा खड्डा खण आणि त्याला हात लावू नकोस."

"नुसती माती?"

"नुसती माती."

"बरं. पण साहेबांना सांग, हा खड्डा दुसऱ्या गवंड्यानं केलाय."