सगुणाबाईंच्या पदरातली गाठ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. क्रुसावर जाण्याआधीच्या रात्री प्रभूने भाकर मोडली, शिष्यांना दिली आणि सांगितलं, माझी आठवण म्हणून हे करत राहा. ठीक! पण ज्याची आठवणच गेली, त्याने काय करायचं? त्याने प्रभूच्या मेजाशी यायचं की नाही?

उत्तराची घाई करू नका. आधी सगुणाबाईंची हकिकत ऐका.

नेवाशाकडच्या एका खेड्यातल्या या सगुणाबाई साळवे. ऐंशीच्या घरातल्या. त्यांचा मुलगा शांतवन हा तिथल्या चर्चचा वडील. आता मुलगा आणि वडील कसा, म्हणाल – मानाचं पद आहे हो ते! प्रभुभोजनाला भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन बाकाबाकांपाशी जायचं, हे त्याचं काम.

सगुणाबाईंना अलीकडे काही आठवेनासं झालं होतं. सून एस्तेर, तिला त्या "ओ बाई" म्हणायच्या. पोटच्या लेकाला "मास्तर". मास्तर तो कधीच नव्हता!

एका रविवारी शांतवनाने आईपुढे ताट धरलं. तिने तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही. पदराच्या टोकात ठेवला आणि घट्ट गाठ मारली. पुढच्या महिन्यातही तेच. चर्चबाहेर मंडळीतले एक थोमासराव म्हणाले, "काय शांतवनराव, आईला शिदोरी लागते वाटतं?" लोक हसले. शांतवनाला हसता आलं नाही.

घरी आल्यावर तो एस्तेरला म्हणाला, "प्रभुभोजनाला आता आईला न्यायचं नाही. आपण काय घेतोय हेच तिला कळत नाही. विटंबना होते."

"विटंबना होते, का तुमची मान खाली जाते?"

मंडळी, असा प्रश्न घरातलंच माणूस विचारू शकतं.

"आणखी एकदा नेऊ," एस्तेर म्हणाली. "गाठ कुणासाठी मारता, एवढं त्यांना विचारा तरी."

पुन्हा ताट पुढे आलं, पुन्हा गाठ पडली. शांतवन वाकला. "आई, हे कुणासाठी?"

"माझ्या शांतूला. घरी भुकेला असंल. सकाळधरनं खडी फोडतीया, आत्ता कुठं सुकडी मिळाली."

बहात्तरचा दुष्काळ, मंडळी! रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडायच्या, तिथे सुकडी मिळायची – गूळ घातलेला कोरडा खाऊ. आपला वाटा पदरात बांधून सगुणाबाई घरी न्यायच्या. तो खाऊन शांतवन जगला होता. जगला, मोठा झाला, ताट धरू लागला – आणि ती गाठ साफ विसरला होता.

"आई," तो म्हणाला. "मीच शांतू."

तिने त्याला न्याहाळलं. "न्हाई. शांतू ल्हान हाय."

शांतवन पुढच्या बाकाकडे गेला नाही, ताट धरून तिथेच उभा राहिला. सगुणाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू बी उपाशीच दिसतोस, मास्तर."

आणि त्यांनी गाठ सोडली. तुकडा मोडला. अर्धा त्याच्या तोंडाशी नेला. उरलेला पुन्हा पदरात बांधला – शांतूसाठी.

थोमासरावांनी उठून ताट आपल्या हातात घेतलं. शांतवन आईपाशी खाली बसला आणि तिच्या हातची भाकर खाल्ली.

त्या दिवशी सगुणाबाईंना प्रभूचं नाव विचारलं असतं, तर कदाचित सांगता आलं नसतं. पण भाकर हाती आली की मोडायची, आधी भुकेल्याला द्यायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. त्या शेवटच्या रात्री प्रभूने तरी दुसरं काय केलं होतं?

पुढल्या रविवारी ताट तुमच्यापुढे येईल. तुम्हाला सगळं पाठ आहे – प्रार्थना, गीतं, कुणी कधी काय बोललं तेसुद्धा! तुकडा उचलाल, तेव्हा एकदा स्वतःचा पदर चाचपा. पदर नसेल त्याने खिसा चाचपावा. तिथे कुणासाठी गाठ आहे का? नसेल, तर विस्मरण कुणाला झालंय, ते मी सांगायला नको.