मॅडमचा गोपनीय अहवाल

नवरा-बायकोला एकाच शाळेत नेमणूक मिळाली की सगळे म्हणतात, नशीब काढलं. आमच्या तापीकाठच्या दोनशिक्षकी शाळेत वसंत सर मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी रेखा मॅडम शिक्षिका. त्यामुळे मॅडमच्या कामाचा गोपनीय अहवाल दरवर्षी सरच लिहितात. यंदा मॅडमच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचं ठरायचं होतं आणि सरांनी शेरा दिला 'ब'.

केंद्रप्रमुख आले, तेव्हा शाळा समितीचा म्हणून मीही चहाला होतो. त्यांनी विचारलं, "सर, मॅडमचं काम तर उत्तम आहे. मग 'अ' का नाही?"

सर हळूच म्हणाले, "साहेब, 'अ' दिधा तं लोके म्हंतीन, घरवालीले दिधा."

मॅडम नेमक्या हजेरीवर सही घ्यायला दारात आल्या होत्या. मग गोपनीय काही उरलं नाही.

साहेबांनी हसत सरांचा अहवाल पुढे ओढला. "आता तुमचा. सहकाऱ्यांशी वागणूक कशी, ते मला लिहायचंय. इथं सहकारी एकच. मॅडम, तुम्हीच सांगा."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तेवढा रकाना उद्या भरा. आज घर गयावर यास्नी वागणूक कशी राहस, ते देखसू."