शेजारच्या होस्टचे लॉग

"जो गप्प पडलाय त्याला काय विचारत बसलीस? त्याच्या शेजाऱ्यांना विचार!"

आदरणीय अध्यक्ष महोदय, आपल्या रुग्णालयाच्या संचालक मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आज हे सभागृह भरलंय त्या आमच्या ताई, पहिल्या रांगेतले भावोजी, आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो, भाषण नमस्काराने सुरू करायचं असतं हे मला माहीत आहे. पण हे वाक्य सकाळपासून जिभेवर बसलं होतं, ते आधी बाहेर पडलं. सांभाळून घ्या. मी नोकरीला नवीन होते तेव्हा, सर्व्हरच्या खोलीत, पंख्यांच्या त्या घरघरीत, ताईंनी ते मला जवळजवळ ओरडूनच ऐकवलं होतं.

आमचं काम काय, हे इथल्या निम्म्या लोकांना आजही नीट माहीत नाही. तो दोष आमचाच, आम्ही तळघरात बसतो. थोडक्यात सांगते. आमच्याकडे मोजकी मोठी यंत्रं आहेत, त्यांना आम्ही होस्ट म्हणतो. एकेका होस्टमध्ये पुष्कळ छोटी यंत्रं भाडेकरूंसारखी राहतात: प्रयोगशाळेचे अहवाल एकाकडे, औषधांचा साठा दुसऱ्याकडे. होस्ट आपण काय केलं, कुठे अडलो, हे सारखं लिहून ठेवत असतो. ते म्हणजे लॉग. बिघाड झाला की ते गोळा करून यंत्रांच्या कंपनीच्या सपोर्टकडे पाठवायचे, मग ते कारण शोधतात. सोपं आहे ना? अडचण एवढीच, की यंत्र बंद करून चालू केलं की त्यातले काही लॉग पुसले जातात. आणि यंत्र अडलं की जगातल्या प्रत्येक माणसाला आधी काय सुचतं? बंद करून चालू करा!

म्हणून ताईंचा पहिला शब्द नेहमी 'थांबा'. त्यावरून आपण त्यांना थांबाताई म्हणतो. हे त्यांना माहीत नाही असं आपल्याला वाटत होतं. त्यांना माहीत आहे.

तर त्या दिवशी मी अडलेल्या होस्टचेच लॉग काढत बसले होते, आणि ते त्याच होस्टच्या डिस्कवर साठवत होते. म्हणजे हरवलेल्या माणसाचा पत्ता त्याच्याच खिशात ठेवण्यातला प्रकार. ताईंनी कपाळाला हात लावला, आणि मग ते वाक्य. अडलेला होस्ट अर्धवट शुद्धीत असतो, तो काय सांगणार? पण शेजारचे धडधाकट होस्ट त्याला सारखी हाक मारत असतात. उत्तर कधी यायचं थांबलं, त्याआधी काय झालं, हे त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. म्हणून लॉग सगळ्यांचे घ्यायचे, आणि ठेवायचे तिसरीकडेच.

हे फक्त यंत्रांपुरतं होतं असं मी समजले. पुढे माझ्या घरी बिनसलं. मुलीला घेऊन मी वेगळी राहू लागले आणि कामावर बोलणंच सोडलं. ताईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात पाहते तर माझी पाळी बदललेली, मुलीची शाळा सुटायच्या वेळेला मी मोकळी. खूप नंतर कळलं, की त्यांनी माझ्या शेजारच्या टेबलाला विचारलं होतं. ते टेबल मागच्या रांगेत बसून आत्ता डोळे पुसतंय. अगं, पूस, पण आवाज करू नकोस, माइक सगळं पकडतो.

आता मुद्द्यावर येते. ताईंची खुर्ची सोमवारपासून माझ्याकडे येणार, हे ठरलं तेव्हापासून मला झोप नव्हती. काम येतं हो. पण वरून फोनवर फोन येत असताना 'थांबा' म्हणायला जो कणा लागतो, तो आपल्याकडे आहे का? लॉग न घेता घाईने होस्ट चालू केला, तर बिघाडाचं कारण कुणालाच कळत नाही आणि तो पुन्हा येतो. मागे ताई रजेवर असताना एकाच होस्टच्या बाबतीत मी दोनदा तसंच होऊ दिलं होतं. दोन्ही वेळा सपोर्टचं उत्तर एकच: अपुऱ्या माहितीमुळे कारण सांगता येत नाही.

आणि गेल्या महिन्यात, ऐन सकाळी, तोच होस्ट पुन्हा अडला. प्रयोगशाळेचे अहवाल वॉर्डात दिसेनात. ताईंना फोन लावला, तर बंद. कधी नव्हे तो बंद! तेवढ्यात प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंचा फोन. त्या व्यासपीठावरच आहेत, माझं चुकलं तर टोका हं.

"अगं, बंद करून चालू कर ना! माझा टीव्ही असाच सुरू होतो."

"डॉक्टर, टीव्ही पुन्हा बंद पडला तर तुमची मालिका चुकते. हा पुन्हा बंद पडला तर?"

"मग मी काय करू? कागद घेऊन माणसं पळवू?"

"हो. अहवाल कागदावर पाठवा. आणि थोडं थांबा."

तो शब्द माझ्या तोंडून आला आणि माझी मीच दचकले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू पण तिच्याच वळणावर गेलीस," आणि खरंच माणसं पळवली. त्याबद्दल आज सर्वांसमक्ष त्यांचे आभार. अडलेल्या होस्टचे लॉग मुंगीच्या पावलांनी येत होते. तेवढ्यात मी शेजारच्या दोघांचे काढले, सगळे दुसरीकडे ठेवले, सपोर्टला पाठवले आणि मगच होस्ट चालू केला. कारण सापडलं ते शेजाऱ्यांकडेच. सगळे होस्ट मिळून वापरतात त्या सामाईक डिस्ककडून उत्तर उशिरा येतंय, अशी दोघांचीही तक्रार होती. त्या डिस्ककडे जाणारी एक केबल खराब निघाली. ती बदलली, तेव्हापासून होस्ट शहाण्यासारखा वागतोय.

दुपारी ताई आल्या. विचारलं, "होतात कुठे?"

"दाताच्या डॉक्टरकडे." एवढंच बोलून गप्प.

मग मी काय केलं असेल? शेजाऱ्यांना विचारलं! भावोजींना फोन केला. ते म्हणाले, "दात? ती अजून अक्रोड फोडते." दारावरच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम तर सकाळपासून इथेच, लिफ्टसमोरच्या बाकावर. मांडीवर पर्स. कागद घेऊन माणसं पळताना दिसली, तेव्हापासून सारख्या उठायच्या, लिफ्टपर्यंत जायच्या, परत येऊन बसायच्या. मी म्हटलं, बरं वाटत नाहीये का? तर म्हणाल्या, मला काय झालंय, तिला जमतंय."

ताई, खाली बघू नका. आम्ही सगळे तुमच्याकडेच बघतोय.

माझं भाग्य असं, की मला काम शिकवणारी बाई मला एकटी सोडायला तयार झाली, आणि तिला ते सोपं गेलं नाही. संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाची थट्टा अंमळ जास्त झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि ताई, एक मागणं. सोमवारी सकाळी एकदाच येऊन त्या बाकावर बसा. खाली येऊ नका. फोन बंदच ठेवा. मी वर डोकावणारही नाही. तुम्ही तिथे आहात एवढं मला माहीत असलं की पुरे. सोमवारची तुमची गाडी आहे, भावोजींनी खिडकीची जागाही घेतलीय, ते मला माहीत आहे. आणि तुमची मान आत्ताच नाही म्हणून हलायला लागलीय, तेही दिसतंय. तरी मागते.