माझा नवस, नातीचा गुडघा

बोलणाऱ्याच्या ओठांआधी ज्याला त्याचे मन ऐकू येते, त्या सर्वसाक्षी नारायणाची कृपा या सभेवर असो.

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मार्तंडराव, मुख्याध्यापिका प्रेमलाताई, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या गंधालीताई, आणि वडीगोद्रीच्या माझ्या बंधुभगिनींनो,

ताईंच्या गौरवार्थ दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा आहे. चाळीस वर्षे देवळात पोथी सांगणाऱ्या या राधेश्यामला शब्दांची वाण कधी पडली नाही. आज पडली आहे.

ताई दर गुरुवारी जालन्याहून येत आणि शाळेच्या मागच्या खोलीत दुखऱ्या गुडघ्यांना व्यायाम शिकवत. माझी नात आकांक्षा खो-खो खेळते, हे आपण जाणता. दोन वर्षांपूर्वी खांबापाशी वळताना तिच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. ऑपरेशन झाले. ताईंनी बजावले, नऊ महिने मैदान नाही. पाचव्या महिन्यात पोर सरळ चालू लागली आणि मला मी बोललेला नवस आठवला. पाय बरा झाला की वेशीपासून देवीच्या देवळापर्यंत दंडवत. आपल्याकडे नवस बोलतो मोठा आणि फेडतो लहान, नाही का?

मी ताईंच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या, "आबा, आतलं नवं लिगामेंट अजून कच्चं आहे. तिला उकिडवंसुद्धा बसू देऊ नका."

मी थट्टेवारी नेले. "ताई, देव महिने मोजत नसतो."

"देव नसेल मोजत, आबा. गुडघा मोजतो."

घरी आमच्या सौभाग्यवती झुंबरबाईंनी भाकरी थापता थापता विचारले, "नवस तुमचा. मंग लोटांगण पोरीनं कामून घालायचं?" संकल्प ज्याचा, देहकष्ट त्याचे, हे शास्त्र मला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण माझे स्वतःचे गुडघे दुखतात. म्हणून ते शास्त्र मी गिळले आणि 'पाय जिचा, दंडवत तिचे' असे दुसरेच सांगितले.

दंडवताची निम्मी वाट झाली असेल. दंडवत घालून उठताना पोरीचा पाय खडीवर सरकला, गुडघा आत वळला. ती ओरडली नाही. "आबा, गेला," एवढेच म्हणाली.

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर पुंजारामने विचारले, "काय झालं हो आबा? पोरगी तर बरी झाल्ती ना?"

मी म्हणालो, "मॅडमनी जरा जल्दी केली. व्यायाम जास्त झाला."

एवढेच बोललो. पुढच्या गुरुवारी ताईंच्या खोलीबाहेर चपलांचे तीन जोड होते. आधी अकरा असत.

आकांक्षा ताईंना म्हणाली होती, "मी गावात खरं सांगून टाकते." त्यावर ताईंचे उत्तर नातीने मला परवा सांगितले, या समारंभाची पत्रिका घरी आली तेव्हा. "आत्ता नको बोलूस. आबा दुखावले तर तुझं येणं बंद होईल. आधी गुडघा."

दुसरे ऑपरेशन झाले. पुन्हा पहिल्यापासून चौदा महिने. पोर एका पायावर उडी मारी. टेपचे एक टोक ताईंच्या हाती, दुसरे माझ्या. उजव्या पायाच्या उडीला शंभर धरले तर डाव्याची नव्वद भरल्याशिवाय मैदान नाही. एकदा अठ्ठ्याऐंशी भरले. "दोनच कमी आहेत," असे मी म्हणालो. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि टेप गुंडाळली.

गेल्या महिन्यात पोर अंबडच्या मैदानावर खेळली. आबांच्या नवसाला देवी पावली, असे म्हणत आपण माझ्या गळ्यात हार घातला. मी तो घालून घेतला.

प्रायश्चित्ताची पहिली पायरी ख्यापन, म्हणजे आपला दोष आपल्या तोंडाने चारचौघांत सांगणे. ते मी करतो आहे. गुडघा दुसऱ्यांदा मोडला तो माझ्या हट्टाने. ताईंचा त्यात तिळमात्र दोष नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पत्रिकेत ताई पुढील शिक्षणासाठी जात आहेत असे छापले आहे. रिकाम्या खोलीत कोणी किती गुरुवार यावे, हे छापलेले नाही.

ताईंचे अजून दोन गुरुवार शिल्लक आहेत. माझ्या शब्दावर जे गेले, त्यांनी माझ्याच शब्दावर परत यावे. त्या शब्दात अजून काही उरले असेल तर. ताई जिथे जातील, तिथे हीच हकिकत माझ्या सहीने आधी पोहोचेल.

आपण शांतपणे ऐकलेत, आपला ऋणी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल तर पदरात घ्यावे. त्या खऱ्या अपराधाची क्षमा मात्र आपण घाईने देऊ नये. तो अधिकार इथे ताई आणि आकांक्षा या दोघींचाच आहे, आणि त्यांच्यावर माझी सक्ती नाही.

ज्यांची पावले अडली त्यांना चालण्याचे बळ मिळो, ज्यांना थांबायला सांगितले त्यांना धीर मिळो, आणि आपणा सर्वांना खरे वेळेवर बोलण्याची बुद्धी मिळो. कल्याणमस्तु.